बाबासाहेबांचे भारतरत्न कोणत्या विद्यापीठाच्या खात्यावर?

मुळशी तालुक्यातील लवळे गावच्या डोंगरावर आज खासगी विद्यापीठांची नगरी वसली आहे. सिम्बायोसिस आणि फ्लेम ही दोन मोठी नावे तिथलीच. मे-जून उजाडला की या डोंगरावरच्याच काय, देशभरातल्या अशा सर्वच संस्थांच्या पानभर जाहिराती वर्तमानपत्रांतून झळकू लागतात. त्यात 'नॅक'ची श्रेणी असते, राष्ट्रीय क्रमवारीतला क्रमांक असतो, नाव कमावलेल्या माजी विद्यार्थ्यांचे फोटो असतात आणि कोणते पारितोषिक विजेते येथे शिकवून गेले किंवा भाषण देऊन गेले याची यादी असते. पोटाला चिमटा घेऊन मुलीला शिकवू पाहणारा बाप ही जाहिरात वाचतो आणि समजतो, ज्याच्याकडे मानकरी जास्त तेच विद्यापीठ मोठे. पण हे मानकरी मोजतो कोण? कोणत्या मापाने मोजतो? आणि या मोजणीत कोणाला जागाच नसते? आंबेडकरी चळवळीने हे प्रश्न विचारायची वेळ आली आहे. कारण ही मोजदाद आता जाहिरातीपुरती राहिलेली नाही, ती आपल्या मुलांच्या शिष्यवृत्तीच्या मुळावर आली आहे.

आधी मोजणीची रीत समजून घेऊ. विद्यापीठांची जागतिक क्रमवारी लावण्याचा आजचा सपाटा सुरू झाला तो २००३ साली. चीनमधील शांघायच्या जिआओ टोंग विद्यापीठाने त्या वर्षी जगातल्या विद्यापीठांची पहिली यादी काढली. तिच्यात १०० पैकी ३० गुण केवळ नोबेल पारितोषिक आणि गणितातले फील्ड्स पदक यांना ठेवले आहेत. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांना ते मिळाले असेल तर त्याचे १० आणि अध्यापकांना मिळाले असेल तर त्याचे २०. अध्यापकाच्या बाबतीत अट अशी की, पारितोषिक मिळाले त्या क्षणी तो तिथे नोकरीत असला पाहिजे. ही झाली शांघायची रीत. विद्यापीठे स्वतः मोजतात तेव्हा प्रत्येकाचा नियम वेगळा. कोणी फक्त पदवी घेतलेल्यांना मोजतो, कोणी वर्षभर पाहुणा म्हणून आलेल्यालाही आपला म्हणतो. म्हणून एकाच विद्यापीठाचा आकडा मोजणाऱ्यागणिक दुप्पट-तिप्पट होतो.

प्रा. अमर्त्य सेन यांचेच उदाहरण घ्या. ते शिकले कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि केंब्रिजला. शिकवले जादवपूर, दिल्ली, लंडन, ऑक्सफर्ड आणि हार्वर्डला. १९९८ साली नोबेल मिळाले तेव्हा ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख होते. म्हणजे अध्यापकाचे गुण केंब्रिजला. ज्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी १९६३ ते १९७१ अशी उमेदीची वर्षे काढली आणि ज्या काळात त्यांचा सामूहिक निवडीवरचा गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्या दिल्ली विद्यापीठाच्या पदरात शून्य! आणि 'संबंधित' हा शब्द रबरासारखा ताणायचाच म्हटला तर मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालयही १९०७ च्या साहित्याच्या नोबेलवर हक्क सांगू शकेल. कारण रुडयार्ड किपलिंग १८६५ साली त्याच आवारात जन्मला, त्याचे वडील तिथे शिकवत होते. गोऱ्यांच्या साम्राज्याचे गोडवे गाणाऱ्या या कवीला आपल्या खात्यावर घेऊन त्या संस्थेचे शिक्षण तसूभर तरी सुधारेल काय?

आता हीच फूटपट्टी विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना लावून पाहू. १९९० साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर भारतरत्न दिले. त्याच वर्षी तो सन्मान नेल्सन मंडेला यांनाही मिळाला. बाबासाहेबांचे हे भारतरत्न कोणत्या विद्यापीठाच्या खात्यावर मांडायचे? मुंबई विद्यापीठ म्हणेल, ते आमच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे बी.ए. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ म्हणेल, १९१३ ते १९१६ ते आमच्याकडे होते, १९१५ ला एम.ए. झाले, १९२७ ला आम्ही त्यांना पीएच.डी. दिली आणि १९५२ ला एलएल.डी. ही सन्मानाची पदवीही दिली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स म्हणेल, १९२१ चे एम.एस्सी. आणि १९२३ चे डी.एस्सी. आमचे. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९५३ च्या डी.लिट.चा दाखला देईल. आणि खुद्द पदक आहे कुठे? ते आहे पुण्यात, सेनापती बापट रस्त्यावर, सिम्बायोसिस संस्थेने १९९६ साली उभारलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालयात. माईसाहेबांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तूंबरोबर ते तिथे सोपवले. या वस्तू नीट जपल्या याचे श्रेय त्या संस्थेला दिलेच पाहिजे.

पण या सर्व दावेदारांची गंमत पाहा. शांघायच्या मोजणीत भारतरत्नाला एक गुणही नाही. कोलंबियाच्या ग्रंथालयात ज्यांचा पुतळा मानाने बसवला आहे, जगातल्या एका मोठ्या लोकशाहीच्या राज्यघटनेचे जे शिल्पकार, कोट्यवधी माणसांना ज्यांनी माणूसपण मिळवून दिले, ते बाबासाहेब या जागतिक मापाने कोलंबियाच्या खात्यात शून्य भरतात! मग आपण ठरवायचे, बाबासाहेब लहान की माप खोटे?

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. ही मोजणी फक्त शेवटचे दार पाहते. माणूस कोणत्या दारातून पदवी घेऊन बाहेर पडला एवढेच ती विचारते. पहिल्या दारापर्यंत त्याला कोणी पोचवले, हे ती विचारत नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमाला वर्गाबाहेर गोणपाटावर बसावे लागले, ते शाळेच्या खात्यावर कोणी मांडले? गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी या मुलाला हेरले, सयाजीराव महाराजांपर्यंत नेले. बडोद्याच्या दरबाराने महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ती संपली तेव्हा १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून बाबासाहेबांना परतावे लागले. पुन्हा १९२० साली ते गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीत साठवलेल्या पैशावर, राजर्षी शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेल्या उसन्या रकमेवर. आणि इकडे मुंबईत माता रमाईने उपासतापास सोसून घर सांभाळले. बाबासाहेबांच्या विद्वत्तेशी 'संबंधित' कोण असेल तर हे सर्व आहेत. विद्यापीठांच्या यादीत यांच्यापैकी एकाचेही नाव येत नाही.

'संलग्न' या शब्दाचे आपल्याकडे तर दोन अर्थ झाले आहेत. मानकऱ्यांच्या यादीत संलग्न म्हणजे ज्याचे नाव लावून विद्यापीठाची शान वाढते तो. आणि आपल्या तालुक्यात संलग्न म्हणजे ते कॉलेज, जिथे आपली मुले एसटीने जातात, जिथे निम्मे प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबतात आणि जिथून विद्यापीठाला परीक्षा शुल्क नियमाने पोचते. मुळशीच्या खोऱ्यातला आदिवासी कातकरी मुलगा किंवा बौद्ध वस्तीतली मुलगी अशा कॉलेजातून घराण्यातली पहिली पदवी घेते, तेव्हा तो पराक्रम कोणत्या नोबेलपेक्षा कमी आहे? पण त्या पदवीला कुठल्याच क्रमवारीत रकाना नाही.

रकाना नाही असे म्हटले तर सरकारी कागद पुढे केला जाईल. केंद्र सरकारने २०१५ साली राष्ट्रीय क्रमवारीची चौकट जाहीर केली आणि २०१६ पासून ती दरवर्षी निघू लागली. तिच्यात 'सर्वसमावेशकता' नावाचा एक भाग जरूर आहे. पण त्याचे वजन किती? १०० पैकी १०. त्या दहातही प्रदेश, महिला, अपंग आणि आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागे राहिलेले विद्यार्थी असे वाटेकरी. २०२३ च्या चौकटीत या शेवटच्या घटकाला त्या भागाचा पाचवा हिस्सा होता. म्हणजे हिशेब करा, १०० पैकी अवघे २ गुण! आणि मोजायचे काय, तर किती विद्यार्थ्यांना संपूर्ण फी परत मिळाली. जातीमुळे कोण बाहेर राहिले, कोण मधेच गळाले, हा प्रश्नच नाही. उलट 'लोकमत' म्हणजे बड्या कंपन्या आणि इतर प्राध्यापक या संस्थेविषयी काय बोलतात, याला मात्र १० गुण. म्हणजे प्रस्थापितांच्या तोंडी असलेली कीर्ती ही वंचितांना दिलेल्या प्रवेशापेक्षा पाचपट मोलाची ठरली!

या मापाचा निर्दयपणा पहिल्याच वर्षी उघडा पडला. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याचा बळी गेला. वसतिगृहातून बाहेर काढलेल्या पाच विद्यार्थ्यांपैकी तो एक. देशभरातले कॅम्पस पेटून उठले. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच एप्रिल २०१६ मध्ये पहिली राष्ट्रीय क्रमवारी जाहीर झाली आणि हैदराबाद विद्यापीठ देशातल्या विद्यापीठांत चौथे आले. गुणवत्तेच्या त्या तक्त्यात रोहितसाठी एकही ओळ नव्हती. कारण मोजले गेले शोधनिबंध, प्राध्यापकांच्या पदव्या, मिळालेला निधी. वसतिगृहाबाहेर तंबूत कोणाला झोपावे लागले हे मोजायचे नसते! २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, तेव्हाही कोणत्या वैद्यकीय क्रमवारीतून किती गुण वजा झाले, हे कोणी सांगेल काय?

श्रेणी देणाऱ्यांची विश्वासार्हता तरी काय आहे? फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खासगी अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने 'नॅक'च्या पाहणी समितीच्या अध्यक्षासह सदस्यांना अटक केली. जी श्रेणी पाहून गरीब बाप जमीन गहाण टाकतो, ती श्रेणी बाजारात विकत मिळते असा हा आरोप आहे. आरक्षणाने गुणवत्ता घसरते असे उठता-बसता सांगणाऱ्यांनी या प्रकरणावर एक अक्षर काढले नाही, हे लक्षात ठेवा.

आता पुन्हा मुळशीकडे येऊ. कारण कोणाचे मोजायचे आणि कोणाचे नाही, हा प्रश्न या तालुक्याला नवा नाही. ज्या रस्त्यावर बाबासाहेबांचे भारतरत्न ठेवले आहे, त्या रस्त्याला नाव आहे सेनापती बापटांचे. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच मुळशीच्या सत्याग्रहात. १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळे उभे राहिले. चार वर्षे लढले, तुरुंगात गेले आणि हरले. मुळा-नीळेच्या खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला गेली. पुणे विद्यापीठाचे प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा साक्षेपी इतिहास लिहिला आहे. जमिनींचे मालक असलेले पुण्यातले सावकार मोबदल्याचा विचार करत होते आणि कसणारा मावळा देशोधडीला लागत होता, हे त्यातून कळते. किती वीज निघाली याचा हिशेब चोख राहिला. पण ज्याच्या नावावर उताराच नव्हता, त्या कुळाची, बलुतेदाराची, महारवाड्याची मोजणी कोणी करायची? शंभर वर्षांनी त्याच तालुक्याच्या डोंगरावर ज्ञानाची नगरी उभी राहिली आहे आणि प्रश्न तोच आहे. उजेड कोणाच्या घरात आणि अंधार कोणाच्या?

न्यायाने बोलायचे तर सिम्बायोसिसच्या प्रवेशपत्रकात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद दिलेली असते. पण राखीव जागा कागदावर असणे आणि त्या जागेची लाखांच्या घरातली फी मजुराच्या मुलाला परवडणे, यात लवळ्याच्या डोंगराएवढेच अंतर आहे. आणि बहुसंख्य खासगी विद्यापीठांवर तर तेवढेही बंधन नाही. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५ (५) आले आणि खासगी संस्थांतही आरक्षण देण्याचा अधिकार शासनाला मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली प्रमती खटल्यात ते कलम वैध ठरवले. पण २००६ चा केंद्रीय कायदा झाला तो फक्त केंद्र सरकारच्या संस्थांपुरता. खासगीसाठी संसदेने कायदा केलाच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दिग्विजय सिंह यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने खासगी उच्च शिक्षण संस्थांत अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात आणि ओबीसींना २७ टक्के आरक्षण कायद्याने द्यावे, अशी शिफारस केली. देशातल्या नामवंत खासगी विद्यापीठांत अनुसूचित जातींचे विद्यार्थी एक टक्क्याच्या आसपास आहेत, हे वास्तव त्या निमित्ताने पुढे आले. लोकसंख्येत सहापैकी एक आणि वर्गात शंभरात एक! हीच विद्यापीठे क्रमवारीत वर असतात. मग ती क्रमवारी गुणवत्तेची की वगळण्याच्या कौशल्याची?

कोणी म्हणेल, क्रमवारीशी आपल्याला काय करायचे आहे? करायचे आहे, कारण ती आपल्या ताटात आली आहे. महाराष्ट्र शासन अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने २००३ पासून शिष्यवृत्ती देते. वर्षाला ७५ विद्यार्थी. पण विद्यापीठ 'क्यूएस' नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या यादीत पहिल्या २०० मध्ये असले पाहिजे, ही अट. पूर्वी ३०० ची होती, ती आवळून २०० वर आणली. या यादीत कितीतरी वर्षे १०० पैकी ४० गुण प्राध्यापकांना विद्यापीठाविषयी काय वाटते यालाच होते, आताही ३० आहेत. म्हणजे कुणाच्या तरी मतावर विद्यापीठ २०१ व्या जागी घसरले की इकडे एखाद्या होतकरू विद्यार्थ्याचे विमान हुकले. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीलाही पहिल्या ५०० ची अट आहेच. शिवाय २०२२ साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने नियम केला की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा समाजशास्त्रीय अभ्यास यासाठी ती मिळणार नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात तरुण भीमरावांनी जो निबंध वाचला त्याचा विषय होता भारतातील जाती! हा नियम तेव्हा असता तर सयाजीरावांच्या जागी बसलेल्या कारकुनाने त्यांचा अर्ज फेटाळला असता. बाबासाहेबांच्या नावाने कोलंबियाचा गौरव करायचा आणि बाबासाहेबांच्या विषयावर अभ्यास करणाऱ्याचे पैसे कापायचे, ही कसली आंबेडकरभक्ती?

क्रमवारी मुळातच नको, असे आमचे म्हणणे नाही. चांगल्या विद्यापीठात आपल्या मुलांनी गेलेच पाहिजे. बाबासाहेब जगातल्या उत्तम ठिकाणी शिकले आणि परत येऊन १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. मिलिंदमध्ये मराठवाड्यातल्या खेड्यांतून अनवाणी आलेली मुले शिकली आणि लेखक, प्राध्यापक, कार्यकर्ते झाली. बाबासाहेबांनी संस्था काढताना कोण बाहेर राहिले आहे ते आधी पाहिले. आमचे म्हणणे एवढेच की, माप बाबासाहेबांचे असावे. पदक घेऊन किती बाहेर पडले याबरोबर, किती लांबून किती जण आत आले आणि त्यातले किती पदवी घेऊन सन्मानाने बाहेर पडले, हे मोजा.

आणि ही मोजणी दुसरा कोणी करणार नाही, ती आपणच केली पाहिजे. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थी संघटनांनी आपल्या हद्दीतल्या प्रत्येक विद्यापीठाला आणि कॉलेजला लेखी विचारावे. गेल्या दहा वर्षांत अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसींचे किती विद्यार्थी घेतले? त्यातले किती मधेच गळाले? किती जणांची फी माफ केली? प्राध्यापकांच्या राखीव जागांचा अनुशेष किती? जातीय छळाच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले? शासकीय आणि अनुदानित संस्थांना २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने उत्तर द्यावेच लागेल. खासगी संस्था उत्तर देत नसतील तर त्यांनी उत्तर दिले नाही, हेच छापावे. मुळशीपासून सुरुवात करायला हरकत नाही. इथे डोंगरावर विद्यापीठे आहेत, पायथ्याला वस्त्या आहेत आणि मधल्या अंतराची मोजणी अजून कोणी केलेली नाही. आमदार-खासदार मते मागायला दारात येतील तेव्हा त्यांच्या हातात हा कागद द्या आणि १५ (५) चा कायदा कधी करणार, एवढेच विचारा.

बाबासाहेबांचे भारतरत्न कोणत्याही विद्यापीठाच्या खात्यावर मांडता येत नाही. ते साताऱ्याच्या गोणपाटाचे, रमाईच्या उपासाचे, केळुसकर गुरुजींच्या पारखीचे आणि सयाजीराव-शाहूंच्या दातृत्वाचे आहे. ज्या विद्यापीठाला त्यात आपला वाटा हवा असेल त्याने जाहिरातीत फोटो छापू नये, आपल्या वस्तीतल्या मुलामुलींना दार उघडावे. जयभीम!